आयबीएम आयवरून प्रिंटरला स्वतःचा फॉन्ट पाठवणं : उपलब्ध वाटांचं परीक्षण

चेकवरचे चुंबकीय अंक, पार्सलच्या लेबलवरचा बारकोड, पत्राखालची सही, बिलाच्या डोक्यावरचं चिन्ह. लेझर प्रिंटरच्या अंगच्या फॉन्टमध्ये यातलं काहीच नसतं. हे अक्षरसंच बाहेरून प्रिंटरच्या मेमरीत उतरवावे लागतात. विंडोजवर हे काम ड्रायव्हर गुपचूप करून टाकतो. १९८८ साली एएस/४०० म्हणून आलेल्या आणि आज आयबीएम आय या नावानं पॉवर सर्व्हरवर चालणाऱ्या यंत्रावर तसा ड्रायव्हर नाही. तिथं फॉन्ट कुठं ठेवायचा, कसा पाठवायचा आणि रिपोर्टमधून त्याला कसं हाक मारायची, हे सगळं आपण ठरवायचं. त्यासाठी यंत्रात तीन वाटा आहेत : फॉन्टची फाइल न बदलता सरळ पाठवणारी *युजरआस्की प्रकारची स्पूल फाइल (छपाईसाठी रांगेत ठेवलेली फाइल), रिपोर्टचं प्रिंटरच्या भाषेत भाषांतर करणारं होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्म म्हणजे एचपीटी, आणि पीएसएफ या आयबीएमच्या छपाई-सॉफ्टवेअरसह चालणारी एएफपीची, म्हणजे आयबीएमच्याच पान-मांडणीच्या पद्धतीची, पूर्ण व्यवस्था.

निकाल आधीच सांगतो. पीसीएल ही एचपीची प्रिंटर-भाषा समजणारा साधा नेटवर्क लेझर प्रिंटर आणि एक-दोन खास फॉन्ट एवढीच गरज असेल, तर पहिली वाट उत्तम आहे. तिला जादा काही विकत घ्यावं लागत नाही आणि एकदा नीट बसली की ती वर्षानुवर्षं चालते. एचपीटी भाषांतराचं काम चोख करतं, पण बाहेरून आलेल्या फॉन्टची त्याला खबर नसते, आणि बहुतेक गोंधळ तिथंच होतात. एएफपी तिन्हींत सर्वांत भक्कम आहे. मात्र ती प्रिंटरकडूनही आयपीडीएसची, म्हणजे यंत्राशी दुतर्फा बोलणाऱ्या आयबीएमच्या प्रिंटर-भाषेची, अपेक्षा ठेवते. वाट निवडताना मी एकच प्रश्न महत्त्वाचा मानतो : प्रिंटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की फॉन्ट परत कोण भरणार?

फाइल तयार होते तेव्हाच अर्धं काम होतं

ट्रूटाइपची (पीसीवरच्या नेहमीच्या फॉन्टची) फाइल जशीच्या तशी प्रिंटरला पाठवून उपयोग नाही. पीसीएल प्रिंटर तिला मजकूर समजतो आणि पानंच्या पानं निरर्थक अक्षरं छापत सुटतो. फॉन्टला पीसीएलचं वेष्टन लागतं. ट्रूटाइप असेल तर हेडरचा फॉरमॅट १५, आणि प्रिंटरमध्ये ट्रूटाइप समजणारा भाग हवा. असा भाग १९९२ च्या एचपी लेझरजेट ४ पासून आला. ठिपक्यांचे सॉफ्ट फॉन्ट मात्र १९८५ च्या लेझरजेट प्लसलाही चालत होते. वेष्टन चढवण्यासाठी पीसीवर फॉन्ट बदलून देणारी साधनं मिळतात. तसं साधन नसेल तर पीसीएल ड्रायव्हरमध्ये 'फॉन्ट सॉफ्ट फॉन्ट म्हणून उतरव' हा पर्याय निवडून लागणारी सगळी अक्षरं असलेलं एक पान फाइलमध्ये छापायचं आणि त्यातून फॉन्टचा भाग कापून घ्यायचा. ही युक्ती चालते, पण ड्रायव्हर फक्त वापरलेली अक्षरंच उतरवतो आणि त्यांचे संकेतांकही स्वतःच्या सोयीनं देतो. म्हणून वेगळं साधन वापरणंच बरं.

फाइलच्या आत काय असतं हे एकदा हेक्समध्ये (षोडशमान आकड्यांत) डोळ्यांखालून घालावं. क्रम असा. आधी फॉन्टला क्रमांक द्यायचा : १बी २ए ६३ ३१ ४४, म्हणजे एस्केपनंतर तारांकन, छोटा सी, १ आणि मोठा डी. हा झाला फॉन्ट क्रमांक १. हा क्रमांक ० ते ३२७६७ मधला कुठलाही चालतो. मग हेडर : १बी २९ ७३, त्यापुढे बाइटांची संख्या आकड्यांत, मग ५७, आणि लगेच तेवढेच बाइट. त्यानंतर प्रत्येक अक्षरासाठी दोन आज्ञा. अक्षराचा संकेतांक, उदाहरणार्थ ६५ साठी १बी २ए ६३ ३६ ३५ ४५. आणि अक्षराचा आकार, १बी २८ ७३, संख्या, ५७, मग माहिती. हेडरला बंद होणारा गोल कंस (२९) आणि अक्षराला उघडणारा (२८) लागतो. हाताने फाइल जोडणाऱ्यांची सर्वाधिक चूक इथंच होते, कारण निवडीच्या आज्ञेत याच कंसांचा अर्थ वेगळा असतो : उघडणारा कंस मुख्य फॉन्ट निवडतो, बंद होणारा दुय्यम. सगळ्यात शेवटी १बी २ए ६३ ३५ ४६, म्हणजे 'हा फॉन्ट कायमचा कर'. या पाच बाइटांविषयी पुढे बरंच सांगायचं आहे.

संख्या एका बाइटनं जरी चुकली, तरी प्रिंटर पुढच्या आज्ञेचा पहिला बाइट अक्षराच्या आकारात गिळतो आणि तिथून पुढचं सगळं मजकूर म्हणून छापतो. अर्ध्यापर्यंत बरोबर आणि मग कचरा, असं दिसलं तर पहिला संशय याच संख्येवर घ्यावा.

आकारमानाचा अंदाज हवा असेल तर हिशेब सोपा आहे. १२ पॉइंटचं अक्षर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ५० ठिपके उंच. रुंदी ३० ठिपके धरली तर प्रत्येक ओळीला ४ बाइट, म्हणजे अक्षराला २००, त्यावर १६ बाइटांचं वर्णन. ९६ अक्षरांचा संच साधारण २० केबीत बसतो. तोच ६०० डीपीआयला अक्षरागणिक ८०० बाइट घेतो आणि ७५-८० केबीपर्यंत जातो. आजच्या प्रिंटरच्या मेमरीला हे काहीच नाही, त्यामुळे 'फॉन्ट जड होईल' म्हणून ३०० वर अडून राहण्याचं कारण नाही.

चेकच्या ई-१३बी फॉन्टला तर ६०० च घ्यावा. या संचात १० अंक आणि ४ चिन्हं अशी १४ अक्षरं असतात आणि ती इंचाला ८ या काटेकोर अंतरानं बसावी लागतात. ३०० डीपीआयला ते अंतर ३७.५ ठिपके येतं. पीसीएलच्या ठिपक्यांच्या फॉन्टमध्ये अंतर पाव ठिपक्यात लिहितात, म्हणून १५० हा आकडा लिहून ते मांडता येतं. ३७ किंवा ३८ असं गोल केलेलं साधन टाकून द्यावं. ६०० ला ते नेमकं ७५ ठिपके होतं आणि प्रश्नच उरत नाही. शिवाय चुंबकीय टोनर नसेल तर फॉन्ट कितीही अचूक असला तरी चेक वाचणारं यंत्र तो वाचणार नाही.

पहिली वाट : *युजरआस्की

या वाटेचं मोठेपण तिच्या साधेपणात आहे. प्रिंटर फाइलचा डिव्हाइस टाइप *युजरआस्की केला की यंत्र त्या स्पूल फाइलला हात लावत नाही : एब्सिडिकचं (या यंत्राच्या अक्षरसंकेतांचं) आस्की (पीसी-प्रिंटरचे अक्षरसंकेत) करत नाही, फॉन्ट निवडत नाही, ओळी मोजत नाही. दिलेले बाइट तसेच प्रिंटरपर्यंत जातात. प्रिंटर लॅनवर ३८१२ टाइप, मॉडेल १ आणि पोर्ट ९१०० असा बनवलेला असो, नाहीतर एलपीआर या नेटवर्क-पद्धतीनं पाठवणारी रिमोट आउटक्यू (छपाईची रांग) असो, दोन्हींकडे हे चालतं.

पण स्पूलमध्ये पोचेपर्यंतच्या प्रवासात बाइट बिघडण्याच्या चार जागा आहेत, आणि त्या चारही झाकाव्या लागतात.

पहिली जागा एफटीपी. फाइल बायनरी मोडमध्येच चढवायची, आणि 'साइट नेमएफएमटी १' देऊन आयएफएसमध्ये, म्हणजे यंत्राच्या फोल्डरांच्या फाइल-व्यवस्थेत. टेक्स्ट मोडमध्ये गेलेल्या फाइलचं आस्कीतून एब्सिडिक होतं. एस्केपचा १बी तिथं २७ होतो. फाइल पोचल्यावर क्यूशेल या युनिक्ससारख्या कमांड-व्यवस्थेतल्या ओडी कमांडनं पहिले बाइट पाहावेत. १बी च्या जागी २७ दिसला तर पुढं जाऊच नये, पुन्हा चढवावी.

दुसरी जागा आयएफएसमधून वाचताना. फाइलवर जो सीसीएसआयडी (अक्षरसंकेताचा क्रमांक) लिहिलेला असतो त्यावरून क्यूशेल भाषांतर करायला जातं. म्हणून कॅट कमांडला उणे छोटा सी हा पर्याय द्यायचा. त्यानं भाषांतर थांबतं.

तिसरी जागा माझ्या मते सर्वांत फसवी. प्रिंटर फाइलमध्ये आरपीएलयूएनपीआरटी हे पॅरामीटर असतं आणि त्याची मूळ किंमत 'हो' असते. म्हणजे न छापता येणारे बाइट यंत्र रिकाम्या जागेनं बदलतं. एब्सिडिकच्या नजरेत ४० च्या खालचा प्रत्येक बाइट न छापण्याजोगा, आणि पीसीएलची एस्केप १बी त्यातच मोडते. परिणामी सगळ्या आज्ञा नाहीशा होतात आणि प्रिंटर उरलेला कचरा छापतो. ही किंमत *नो करायलाच हवी.

हे सगळं एका ओळीत बसवणारी आरफाइल ही क्यूशेलची कमांड आहे आणि तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. कॅटनं फाइल वाचायची, पाइपनं आरफाइलकडे द्यायची. आरफाइलला (पहिलं अक्षर मोठं) उणे चिन्हापुढे छोटा डब्ल्यू, छोटा बी आणि मोठा क्यू जोडून द्यायचे. मग उणे छोटा सी आणि अवतरणचिन्हांत ओव्हीआरपीआरटीएफ ही कमांड : फाइल क्यूप्रिंट, डिव्हाइस टाइप *युजरआस्की, आरपीएलयूएनपीआरटी *नो, आणि आपली आउटक्यू. शेवटी पुन्हा क्यूप्रिंट. बी म्हणजे बायनरी. तो विसरला तर आरफाइल ओळी शोधत बसते आणि फॉन्टमधल्या कुठल्याही बाइटला ओळीचा शेवट समजते.

चौथी जागा जुन्या पद्धतीत लागते, म्हणजे सीपीवायएफआरएमएसटीएमएफनं फाइल डेटाबेस फाइलमध्ये आणून मग सीपीवायएफनं छापणाऱ्यांना. तिथं सीव्हीटीडीटीए *नन, एंडलाइनएफएमटी *फिक्स्ड आणि टॅबएक्सपीएन *नो ही तीन पॅरामीटर हवीत. एवढं करूनही शेवटची नोंद अपुरी राहिली तर यंत्र ती रिकाम्या जागांनी भरतं. ती रिकामी जागा एब्सिडिकची, म्हणजे ४०. आणि आस्कीत ४० म्हणजे ईमेलच्या पत्त्यातलं ॲट चिन्ह. फॉन्ट व्यवस्थित उतरतो, पण सोबत एका पानावर ॲटची रांग छापून येते. उपाय म्हणजे पीसीवरच फाइलच्या शेवटी ०० बाइट जोडून तिची लांबी नोंदीच्या लांबीच्या पटीत आणायची. १३२ च्या नोंदी असतील तर १३२ च्या पटीत. डीएसपीपीएफएममध्ये एफ१० दाबून हेक्स पाहिलं की शेवटी ०० आहेत की ४० हे लगेच कळतं.

फाइलच्या अगदी सुरुवातीला पीजेएलची (प्रिंटरला भाषा वगैरे सांगणाऱ्या आज्ञांची) ओळ असावी, हा माझा आग्रह आहे. १बी २५ २डी ३१ ३२ ३३ ३४ ३५ ५८ हे नऊ बाइट, लगेच 'ॲट पीजेएल एंटर लँग्वेज इक्वल्स पीसीएल' आणि ओळीचा शेवट. हल्लीचे प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट, पीडीएफ आणि पीसीएल यांतली भाषा स्वतः ओळखू पाहतात. फॉन्टची फाइल म्हणजे नुसते बाइट. ओळखण्यात चूक झाली तर कागदाचा ट्रे रिकामा होईपर्यंत छपाई चालू राहते.

फॉन्टला हाक कशी मारायची

फॉन्ट उतरला तरी रिपोर्ट अजून एससीएसमध्येच, म्हणजे यंत्राच्या नेहमीच्या छपाई-स्वरूपात, छापला जातो आणि एचपीटी त्याचं पीसीएल करतं. मध्येच आपला फॉन्ट निवडायचा तर एससीएसमधली आस्की पारदर्शकतेची आज्ञा वापरायची : ०३, मग एका बाइटात लांबी, मग तेवढे आस्की बाइट. फॉन्ट क्रमांक १ साठी रिपोर्टच्या ओळीत ०३ ०४ १बी २८ ३१ ५८ एवढं ठेवायचं. आरपीजी या प्रोग्रॅमिंग भाषेत हे हेक्स स्थिरांक म्हणून लिहिता येतं. रिपोर्टच्या प्रिंटर फाइललाही आरपीएलयूएनपीआरटी *नो लागतं, नाहीतर ०३ जागच्या जागी पुसला जातो.

परत येताना काळजी जास्त. 'मूळ फॉन्ट' अशी पीसीएलची छोटी आज्ञा आहे, १बी २८ ३३ ४०. ती मी टाळतो. एक तर ती प्रिंटरच्या पॅनेलवर जो फॉन्ट ठरवला असेल त्याकडे नेते आणि पॅनेल कुणीही बदलू शकतं. दुसरं म्हणजे तिचा शेवटचा बाइट ४०, एब्सिडिकची रिकामी जागा. ओळीच्या टोकाला असेल तर तो छाटला जाण्याचा धोका आहे. त्याऐवजी हवा तो फॉन्ट स्पष्ट मागावा : आधी सिंबॉल सेट (कोणत्या संकेतांकाला कोणतं अक्षर हा तक्ता), पीसी ८५० साठी १बी २८ ३१ ३२ ५५, आणि मग इंचाला १० अक्षरांचा कुरियर, १बी २८ ७३ ३० ७० ३१ ३० ६८ ३० ७३ ३० ६२ ३४ ३० ३९ ३९ ५४. दोन्ही मिळून २२ बाइट, म्हणजे लांबीचा बाइट १६ (हेक्स). सिंबॉल सेट वगळू नये. पीसीएल फॉन्ट निवडताना सर्वांत आधी सिंबॉल सेट जुळवतं, आणि आपल्या फॉन्टचा सेट मागं राहिला तर कुरियरऐवजी भलताच फॉन्ट पुढे येतो.

एचपीटीला या पारदर्शक बाइटांत काय होतं हे कळत नाही. त्याच्या लेखी आधीचाच फॉन्ट चालू असतो, म्हणून ते परत काही निवडत नाही. उलट रिपोर्टमध्ये मध्येच सीपीआय (इंचाला किती अक्षरं) बदलला तर ते स्वतःची निवड पाठवतं आणि आपला फॉन्ट सुटतो. एचपीटीविषयी माझी मुख्य तक्रार हीच. शिवाय हे बाइट ओळीत जागा घेतात पण कागदावर घेत नाहीत, त्यामुळे पुढचे रकाने तेवढे डावीकडे सरकतात. खास फॉन्टचा मजकूर स्वतंत्र ओळीवर, किंवा ओळीच्या शेवटी ठेवला की हा त्रास संपतो.

अख्खा रिपोर्टच त्या फॉन्टमध्ये हवा असेल तर अधिक नेटका मार्ग आहे. आरटीव्हीडब्ल्यूएससीएसटी कमांडला *ट्रान्सफॉर्म आणि आपल्या प्रिंटरचं मॉडेल, जसं *एचपी५, देऊन वर्कस्टेशन कस्टमायझिंग ऑब्जेक्टचा (प्रिंटरच्या आज्ञांच्या तक्त्याचा) स्रोत काढायचा. त्यात प्रत्येक फॉन्ट क्रमांकाशी एक एस्केप ओळ जोडलेली असते. ११ म्हणजे इंचाला १० चा कुरियर. कुठल्याच रिपोर्टात न वापरलेला एखादा क्रमांक शोधून त्याची ओळ आपल्या निवडीच्या आज्ञेनं बदलायची, सीआरटीडब्ल्यूएससीएसटीनं ऑब्जेक्ट बनवायचा आणि प्रिंटरच्या वर्णनात मॉडेलच्या जागी *डब्ल्यूएससीएसटी देऊन तो जोडायचा. त्यासाठी रायटर (रांगेतून प्रिंटरकडे फाइली पाठवणारं काम) थांबवून प्रिंटर व्हॅरी ऑफ, म्हणजे यंत्राच्या बाजूनं बंद, करावा लागतो. आता प्रिंटर फाइलच्या फॉन्ट पॅरामीटरमध्ये तो क्रमांक टाकला की झालं. प्रोग्रॅममध्ये एकही हेक्स लागत नाही, आणि एचपीटीलाही कोणता फॉन्ट चालू आहे हे ठाऊक राहतं. फॉन्ट लहानमोठा होणारा असेल तर निवडीमागोमाग उंचीही पाठवावी, कारण क्रमांकानं निवडलेल्या अशा फॉन्टला पॉइंट आकार वेगळा सांगावा लागतो.

अक्षरं कुठल्या संकेतांकांवर बसवायची, हे फॉन्ट बनवतानाच ठरवावं. प्रोग्रॅम एब्सिडिकमध्ये लिहितो, एचपीटी त्याचं आस्की करतं, आणि फॉन्टमधलं अक्षर त्या आस्की संकेतांकावर असावं लागतं. मोठी रोमन अक्षरं आणि अंक सगळ्या एब्सिडिक कोड पेजांत (भाषेनुसारच्या संकेत-तक्त्यांत) एकाच जागी असतात, म्हणून चिन्हं, सही, लोगो यांचे तुकडे ए ते झेडवरच बसवावेत. ॲट, हॅश, डॉलर, चौकोनी कंस या जागा कोड पेजागणिक बदलतात. कोड १२८ या बारकोडचे काही फॉन्ट १२७ च्या वरचे संकेतांक वापरतात; ते इथं हमखास अडखळतात, आणि बारकोड दिसतो झकास पण स्कॅनर वाचत नाही. अशा वेळी संच नव्यानं क्रम लावून बनवण्याला पर्याय नाही. जोडाक्षरांच्या लिप्यांसाठी तर ही वाट धरूच नये. एका संकेतांकाला एक आकार एवढंच तिला कळतं.

फॉन्ट जिवंत कुठवर राहतो

आता त्या पाच बाइटांकडे. सॉफ्ट फॉन्ट उतरतो तेव्हा तात्पुरता असतो. पीसीएलचा रीसेट आला की तात्पुरते फॉन्ट पुसले जातात, आणि एचपीटी प्रत्येक स्पूल फाइलच्या सुरुवातीला पाठवत असलेल्या ओळीत रीसेट असतोच. सिस्टिम ड्रायव्हर *एचपीपीजेएलडीआरव्ही असेल तर कामाभोवती पीजेएलचं वेष्टनही येतं, आणि त्याचाही परिणाम रीसेटचाच. म्हणजे एका स्पूल फाइलनं तात्पुरता उतरवलेला फॉन्ट दुसरीला कधीच सापडणार नाही. 'कायमचा कर' ही आज्ञा त्यासाठी. ती लगेच, तोच फॉन्ट क्रमांक चालू असताना द्यायची.

पण पीसीएलमध्ये 'कायमचा' म्हणजे वीज असेपर्यंत. प्रिंटर बंद झाला की फॉन्ट गेला. आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही : त्याच प्रिंटरवर कुणी पोस्टस्क्रिप्टचं काम पाठवलं आणि प्रिंटरच्या मेनूत 'रिसोर्स सेव्हिंग' बंद असेल, तर भाषा बदलताना कायमचे फॉन्टही पुसले जातात. सकाळी चेक नीट निघाले आणि दुपारी निघाले नाहीत, मध्ये वीजही गेली नाही, असं असेल तर आधी हे तपासावं. प्रिंटर सामायिक असेल तर रिसोर्स सेव्हिंग चालू करणं किंवा चेकसाठी वेगळा प्रिंटर ठेवणं, दोन्हींतलं एक करावंच.

फॉन्ट गेल्याची लक्षणंही ध्यानात ठेवावीत. मेमरीत नसलेला क्रमांक मागितला तर पीसीएल प्रिंटर तक्रार करत नाही. चालू असलेलाच फॉन्ट पुढे चालवतो. बारकोडच्या जागी तारांकनांत अडकलेला साधा आकडा छापून येतो, चेकच्या तळाशी कुरियरमधले अंक येतात. आयबीएम आयच्या बाजूला सगळं यशस्वी दिसतं : स्पूल फाइल छापली गेली, रायटर चालू, संदेश नाही. चेकसारख्या कामात ही शांतता धोक्याची आहे. म्हणून चेकांच्या प्रत्येक गठ्ठ्याआधी रद्द शिक्का असलेलं एक चाचणीपान त्याच फॉन्टमध्ये काढून माणसानं पाहावं, ही पायरी सोडू नये.

पुन्हा भरण्याचे मार्ग अनेक आहेत. सर्वांत हलका म्हणजे फॉन्टची स्पूल फाइल सेव्ह *येस ठेवून छापायची. छपाईनंतर ती रांगेत एसएव्ही स्थितीत राहते, आणि प्रिंटर बंद-चालू झाला की ऑपरेटरनं ती फक्त रिलीज करायची. ती नेहमीच्या आउटक्यूत ठेवू नये. कुणीतरी रांग साफ करतो आणि मग फॉन्ट कुठं गेला हे कुणालाच आठवत नाही. दुसरा मार्ग म्हणजे एडीडीजेओबीएससीडीईनं रोज पहाटे फॉन्ट पाठवणं. दिवसभरातल्या बंद-चालूला मात्र तो पुरा पडत नाही.

चेक आणि बारकोडच्या कामात मी फॉन्ट प्रत्येक कामाच्या पुढे पाठवण्याचा सल्ला देतो. रिपोर्ट बनवणारा सीएल (यंत्राच्या कमांडांचा) प्रोग्रॅम आधी फॉन्टची *युजरआस्की फाइल त्याच आउटक्यूत टाकतो, मग रिपोर्ट. दोघांची आउटपुट प्रायॉरिटी सारखी आणि रांग *फायफो हवी, नाहीतर रिपोर्ट आधी निघतो. ८० केबी नेटवर्कवरून जायला क्षणही लागत नाही. त्याच क्रमांकावर पुन्हा फॉन्ट आला तर जुना पुसून नवा बसतो, त्यामुळे मेमरीही साचत नाही.

प्रिंटरमध्ये डिस्क किंवा फ्लॅश असेल तर फॉन्ट तिथं बसवणं सगळ्यांत निश्चिंत. वीज गेली तरी तो राहतो. हे काम उत्पादकाच्या व्यवस्थापन साधनातून करावं. पीजेएलच्या फाइल-आज्ञांनीही ते होतं, पण सुरक्षेसाठी अनेक ठिकाणी त्या बंद केलेल्या असतात आणि तसं असणं योग्यही आहे. डिस्कवरच्या फॉन्टला कोणता क्रमांक मिळाला हे गृहीत धरू नये. प्रिंटरच्या पॅनेलवरून पीसीएल फॉन्टची यादी छापावी, तिथं प्रत्येक फॉन्टपुढे निवडीची एस्केप ओळच लिहिलेली असते. हीच यादी पहिल्या वाटेलाही कामाची : फॉन्ट पाठवला आणि यादीत दिसत नाही, तर दोष उतरवण्यात, यादीत आहे पण रिपोर्टात येत नाही, तर दोष निवडीत. एवढ्या एका कागदानं अर्धा दिवस वाचतो.

एएफपी आणि पीएसएफ

इथं फॉन्ट हा यंत्राचा स्वतःचा ऑब्जेक्ट होतो, *एफएनटीआरएससी प्रकारचा. अक्षरांचे आकार सी० ने सुरू होणाऱ्या नावात, कोड पेज टी१ ने सुरू होणाऱ्यात, दोघांची जोडी एक्स० मध्ये. बाहेरून आणलेल्या एएफपी फॉन्टची फाइल बायनरीत चढवून सीआरटीएफएनटीआरएससीनं ऑब्जेक्ट बनवायचा. कमांड फाइल नाकारत असेल तर नोंदींची सुरुवात पाहावी : ५ए, दोन बाइट लांबी, मग डी३. हे नसेल तर फाइल वाटेत भाषांतरित झाली किंवा नोंदी चुकीच्या ठिकाणी तुटल्या. ठिपक्यांचे एएफपी फॉन्ट २४० आणि ३०० या घनतांत येतात. क्यूएफएनटीसीपीएल लायब्ररीतले जुने सुसंगत फॉन्ट २४० चे आहेत. पीसीएल प्रिंटरसाठी एचपीटीतून न्यायचं असेल तर ३०० चाच संच घ्यावा.

यानंतर मात्र सुख आहे. प्रिंटर फाइलमध्ये किंवा डीडीएसमध्ये (रिपोर्टच्या मांडणीच्या वर्णनात) एफएनटीसीएचआरसेट वा सीडीईएफएनटी लिहायचं, ओळीत मध्येच फॉन्ट बदलायचा, रकाने जागचे हलत नाहीत, कारण एएफपीत प्रत्येक मजकुराची जागा स्वतंत्र असते. बारकोडसाठी तर फॉन्टही लागत नाही. डीडीएसचा बारकोड हा कीवर्डच पट्ट्या काढून देतो. आयपीडीएस प्रिंटर पीएसएफशी दुतर्फा बोलतो. कोणता फॉन्ट प्रिंटरमध्ये आहे आणि कोणता नाही हे पीएसएफला माहीत असतं, नसेल तो ते स्वतः उतरवतं, आणि फॉन्ट सापडला नाही तर तसा संदेश येतो. कुरियरमधला चेक गुपचूप निघून जाण्याचा प्रकार इथं होत नाही. मोठ्या चेक-छपाईला मी याच कारणासाठी आयपीडीएसची शिफारस करतो.

पीएसएफ आपल्या यंत्रावर बसवलेलं आहे का, हे गो लिकप्रोग्रॅमच्या मेनूतल्या १० व्या पर्यायात दिसतं. आपल्या प्रिंटरचा वेग पीएसएफच्या बसवलेल्या पर्यायात मावतो का, हेही तिथंच पाहून घ्यावं. आयपीडीएस नसलेल्या प्रिंटरवर *एएफपीडीएस (एएफपी स्वरूपाची) स्पूल फाइल एचपीटीतून गेली, तर ठिपक्यांचे फॉन्ट पीसीएलमध्ये उतरतात आणि पीएसएफ लागत नाही. फॉन्ट त्या कामासोबतच जातो, म्हणून वीज गेल्याची चिंता आपोआप मिटते. थोडी पानं आणि रिपोर्टच्या मध्ये बदलणारा फॉन्ट असेल, तर पारदर्शक बाइटांच्या कसरतीपेक्षा ही मधली वाट कितीतरी बरी. मात्र प्रिंटरच्या वर्णनात एएफपी *नो आणि ट्रान्सफॉर्म *येस असायला हवं, आणि मॉडेल पीसीएल५ ओळखणारं निवडलेलं हवं.